सुरतेहून आणलेली तार

विरारहून सकाळी निघालेली गाडी पालघर, डहाणू, वापी, वलसाड, नवसारी अशी स्टेशने घेत उधन्यास पोहोचते तोवर उन्हे चांगलीच तापलेली असतात. आमच्या वाचकांपैकी ज्यांचे मुलगे अथवा जावई पोटापाण्यासाठी सुरतेस राहिले आहेत, त्यांना ही वाट तोंडपाठ असेल. उधना, लिंबायत, डिंडोली ह्या भागांतून फिरताना आपण परप्रांतात आहोत असे वाटतच नाही. भुसावळहून तापीच्या खोऱ्यातून येणाऱ्या रेल्वेने खानदेशातील असंख्य कुटुंबे येथे येऊन वसली आहेत. भाजीचा भाव मराठीत करता येतो आणि रिक्षावाल्याशी हुज्जतही मराठीतच घालता येते. सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तथापि गेल्या महिन्यात आम्ही उधन्यास उतरलो ते सुरतेची घारी खाण्यासाठी नव्हे. एका मुक्या पेटीचा निकाल लावण्यासाठी आमचा हा प्रवास होता, आणि त्या पेटीच्या मुकेपणात आमचाही थोडा दोष होता.

हकीकत अशी. आमच्या गावच्या एका विधवा मातेचा मुलगा सुरतेस कापडाच्या कारखान्यात नोकरीस आहे. गेल्या वर्षी ही माउली अंगणात पाय घसरून पडली, मांडीचे हाड मोडले आणि तिने अंथरूण धरले. सकाळ-संध्याकाळ शेजारची पुतणी येऊन सर्व काही करून जाते. पण दुपारचे चार-पाच तास घरात चिटपाखरू नसते. पूर्वी उशाशी एक ट्रान्झिस्टर असे. तो बंद पडला, आणि तो दुरुस्त करणारा माणूस तर त्याच्याही आधी गावातून नाहीसा झाला होता. मुलाने विचार केला, आईला हवे ते गाणे मागेल तेव्हा लागेल अशी सोय करावी. सुरतेच्या जुन्या शहरात एक दुकान आहे. तेथे मागील सालांचे, न खपलेले किंवा कोणी परत केलेले स्पीकर निम्म्याहूनही कमी किमतीत मिळतात. खोक्यावर छापील किंमत १९,९९० रुपये, आणि दुकानदार देतो ६,५०० ला. मुलाने दुकानातूनच आम्हांस फोन लावला. कंपनीचे नाव आम्ही ऐकून होतो. नाव मोठे, भाव लहान, आणखी काय पाहिजे? आम्ही म्हटले, “घेऊन टाक.” चार बुके शिकलेल्या माणसाने न विचारल्या गोष्टीतही मत द्यावे, आणि विचारल्या गोष्टीत तर विचार न करता द्यावे, अशी एक खोड आमच्या अंगी आहे.

स्पीकर गावी आला. आवाज खरोखरच गोड होता. मुलाने घरात इंटरनेटची जोडणी करून दिली, एक जुना मोबाइल आईच्या उशाशी ठेवला, कोणत्या चित्रावर बोट ठेवले म्हणजे काय लागते ते शिकविले. चार महिने त्या घरातून दुपारी गाणी ऐकू येत. नंतर एके दिवशी ती येईनाशी झाली. वाटेने जातायेताना आमच्या ते ध्यानातही आले नाही. आजाऱ्यांच्या भेटीस म्हणून आम्ही तिच्याकडे गेलो तेव्हा पेटीवर एक नारिंगी दिवा लुकलुकत होता आणि पेटी गप्प होती. विचारले तेव्हा ती माउली हळूच म्हणाली, “फादर, माझ्याच हातून काहीतरी भलते दाबले गेले असणार. पोराने एवढे पैसे घातले. त्याला सांगू नका.” मुलाचा रोज रात्री फोन येई आणि रोज ती त्याला सांगे की आज अमुक गाणे ऐकले, तमुक ऐकले. तीन आठवडे हे असे चालले होते.

तिने काहीही दाबलेले नव्हते. तो मोबाइल हाती घेऊन आम्ही पाहिले तेव्हा त्यावर इंग्रजीत चार ओळी होत्या, त्यांचा मथितार्थ एवढाच की सदर उत्पादनास यापुढे कंपनीचा आधार मिळणार नाही. पुढे चौकशीअंती कळले की कंपनीने हे दोन वर्षांपूर्वीच जाहीर केले होते. दुकानदारास ते ठाऊक होते की नव्हते, देव जाणे. कंपनीचे वा दुकानाचे नाव आम्ही येथे देत नाही. परंतु नाताळच्या सुमारास आणि लग्नसराईत अशा स्वस्त मालाची खरेदी आपल्या घराघरांतून होत असते, यास्तव ह्या यंत्रांचे पोटातले रहस्य काय, ते थोडे विस्ताराने सांगावेसे वाटते.

रेडिओचे दिवस आठवा. १९५२ साली केंद्रात नभोवाणी खाते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर ह्या मराठी गृहस्थांकडे आले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केले? सुई फिरवून रेडिओ सिलोन लावले. सरकारी नभोवाणीने हट्ट सोडून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू केली, ती काही अंशी ह्या सिलोनच्या धाकानेच. त्या काळी रेडिओ बाळगण्यास टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे, ही गोष्ट खरी. पण परवाना सरकारचा होता, रेडिओ बनविणाऱ्याचा नव्हे. एकदा मर्फीचा किंवा बुशचा रेडिओ घरी आला की त्या कंपनीचा आणि तुमचा संबंध संपला. कंपनी बुडो की तरो, केंद्र बोलत आहे तोवर पेटी बोलणार. लाकडी कपाटावर भरतकामाचा रुमाल पांघरून बसलेला असा एखादा रेडिओ काही घरांत अजूनही चालू आहे. तो बनविणाऱ्यांची नावेही नव्या पिढीला सांगता येणार नाहीत.

नव्या बिनतारी स्पीकरांत मात्र दोन जाती आहेत, आणि दुकानाच्या फळीवर त्या शेजारी शेजारी बसलेल्या असल्याने साध्या माणसास ओळखू येत नाहीत. दोघांनाही तार नाही, दोघांनाही मोबाइलवरून गाणे लागते. पण गाणे आत येण्याची वाट अगदी निराळी.

पहिली जात ब्लूटूथची. हिच्यात गाणे मोबाइलमध्ये येते आणि मोबाइल ते स्पीकरकडे पोहोचवितो. विहिरीवरून घागर भरून आणणाऱ्या सुनेसारखे हे काम. सून घरात असली की पाणी. ती बाहेर गेली की घडा रिकामा. मोबाइल दहाएक मीटरच्या आत असावा लागतो, मध्ये जाड भिंत आली तर आवाज तुटतो, आणि फोन आला की गाणे थांबते. ही तिची उणीव. पण गुण असा की घागर कोणत्याही विहिरीवर बुडविता येते. ब्लूटूथ ही एका कंपनीची मिरास नाही. १९९८ साली एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम व तोशिबा ह्या पाच कंपन्यांनी मिळून तिच्यासाठी संघ स्थापला आणि सर्वांनी एकच भाषा बोलावयाचे ठरविले. त्यामुळे पंधरा वर्षांपूर्वीचा ब्लूटूथ स्पीकर आजच्या मोबाइलशीही बहुधा बिनतक्रार जुळतो. जाता जाता सांगावयास हरकत नाही की हे नाव दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड ह्याच्या टोपणनावावरून आले आहे. त्या नावाचा अर्थ निळ्या दातांचा! डेन लोकांस आपण ख्रिस्ती केले असे त्याने येलिंग येथील शिलालेखात कोरून ठेवले आहे. त्याच्या नावाची दोन आद्याक्षरे जुन्या लिपीत एकमेकांत गुंफून जे चिन्ह झाले तेच आपण मोबाइलवर रोज पाहतो.

दुसरी जात वायफायची. हिच्यात मोबाइल गाणे आणीत नाही. तो फक्त हुकूम सोडतो. स्पीकर स्वतःच घरच्या इंटरनेटवरून दूरच्या भांडारातून गाणे ओढून घेतो. हा घरात आलेला नळ म्हणावा. आवाज अधिक स्वच्छ, चार खोल्यांत चार स्पीकर एकाच वेळी एकच गाणे गाऊ शकतात, आणि फोन आला तरी गाणे अडत नाही. म्हणूनच हे स्पीकर मूळचे महाग. पण नळ कितीही चकचकीत असला तरी त्याची चावी घराबाहेर असते. कंपनीचे ॲप, कंपनीचा दूरचा संगणक, गाणी पुरविणाऱ्या संस्थेशी कंपनीचा करार आणि ह्या सर्वांनी एकमेकांना ओळख पटविण्यासाठी दाखवावयाची मुदतबंद प्रमाणपत्रे, अशा चार गाठी त्या न दिसणाऱ्या दोरीला असतात. एक सुटली की पेटी मुकी. तिच्यातले चुंबक, तारेचे वेटोळे आणि कागदी शंकू ठणठणीत असतात. ध्वनी काढण्याची ही युक्ती राइस आणि केलॉग ह्या दोन अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली सिद्ध केली आणि शंभर वर्षांत तिच्यात मूलतः फरक पडलेला नाही. म्हातारी होते ती दोरी. जुना वायफाय स्पीकर स्वस्त का, ह्याचे उत्तर पुष्कळदा येथेच सापडते.

हे प्रकार लहानसहान कंपन्यांच्या बाबतीतच घडतात असे कोणी समजू नये. कॅलिफोर्नियातील सोनोस ही घरभर संगीत पुरविणाऱ्या स्पीकरांत अग्रेसर मानली जाते. तिने एक योजना काढली की जुना स्पीकर द्याल तर नव्यावर ३० टक्के सूट. वरवर पाहता औदार्यच! परंतु सूट मिळविण्यासाठी जुन्या स्पीकरला ॲपमधून एक हुकूम द्यावा लागे, आणि त्यानंतर २१ दिवसांनी तो चांगला चालता स्पीकर कायमचा निकामी होई. २०१९ च्या डिसेंबरात हे प्रकरण चव्हाट्यावर आले. पुढच्याच महिन्यात कंपनीने जाहीर केले की काही जुन्या स्पीकरांना मे २०२० पासून नवी सुधारणा मिळणार नाही. ग्राहक इतके संतापले की प्रमुखास जाहीर माफी मागावी लागली, निकामी करण्याची योजना रद्द झाली, आणि जुन्यांसाठी एक ॲप व नव्यांसाठी दुसरे अशी वाटणी झाली. जुने चालू राहिले, पण नव्यांच्या पंक्तीस त्यांना बसता येत नाही. भावंडांच्या वाटण्या झाल्यावर एका घरात दोन चुली पेटाव्यात तसे.

बोस कंपनीचे उदाहरण तर कालपरवाचे. तिचे साउंडटच नावाचे स्पीकर २०१३ पासून बाजारात होते. त्यांवर सहा बटणे, आणि एकेका बटणावर आपल्या आवडीचे केंद्र बसविता येई. वृद्ध माणसांना ही सोय फार मानवत असे. २०२५ च्या ऑक्टोबरात कंपनीने सांगितले की ह्या स्पीकरांना दूरच्या संगणकाचा मिळणारा आधार २०२६ च्या फेब्रुवारीत संपेल. ओरड झाली. तेव्हा मुदत ६ मे २०२६ पर्यंत वाढविण्यात आली, आणि यंत्राशी बोलण्याची भाषा कंपनीने सर्वांसाठी खुली केली, जेणेकरून जाणत्या लोकांनी आपली सोय आपण पाहावी. ब्लूटूथची आणि तारेची वाट मात्र आधीपासूनच चालू राहणार होती. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचे काम आम्हांस सुरतेत पडले.

गूगलची एक चकतीएवढी वस्तू होती. ती जुन्या स्पीकरला तारेने जोडली की तोही इंटरनेटवरून गाऊ लागे. तिची विक्री २०१९ च्या आरंभी थांबली, तरी घरोघर ती चालू होती. २०२५ च्या मार्चमध्ये एका सकाळी लोकांनी पाहिले तो जगभरच्या चकत्या बंद! आत बसविलेल्या एका प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत त्या दिवशी संपली होती, आणि ती संपणार हे कोणाच्या ध्यानीच आले नव्हते. काही दिवसांत कंपनीने उपाय केला. पण मनात येते, ज्या घरांत सांगणारे तरुण माणूस नव्हते तेथे किती जणींना वाटले असेल की आपल्याच हातून काही भलते दाबले गेले?

उलट बाजूचाही एक दाखला द्यावयास हवा. लॉजिटेक कंपनीने स्क्वीझबॉक्स नावाची संगीतपेटी २०१२ साली बनविणे थांबविले, आणि २०२४ मध्ये तिच्यासाठी चालविलेला आपला संगणकही बंद केला. तरी त्या पेट्या अजून गात आहेत. कारण गाणी पुरविणारी आज्ञावली मुळापासूनच खुली होती. हौशी लोकांनी ती आपल्याकडे घेतली आणि निगुतीने सांभाळली. अर्थात हे सांभाळण्यास घरात संगणक लागतो आणि चिकाटी लागते. अंथरुणावरच्या माउलीला त्याचा काय उपयोग? शिवाय गाण्यांची भांडारेही कायमची नसतात. एअरटेलचे विंक हे ॲप आपल्यापैकी पुष्कळांच्या मोबाइलवर होते. २०२४ मध्ये ते बंद झाले आणि तेथे जमविलेल्या गाण्यांच्या याद्या त्याबरोबर गेल्या.

ब्रिटनने ह्याबाबत एक चांगला पायंडा पाडला आहे. इंटरनेटशी जोडल्या जाणाऱ्या वस्तूंना सुरक्षेच्या सुधारणा किमान किती काळ मिळतील, हे उत्पादकाने जाहीर केलेच पाहिजे असा कायदा तेथे २९ एप्रिल २०२४ पासून अमलात आला. आपल्याकडे खोक्यावर छापील किंमत असते, निर्मितीचा महिना असतो. पण वस्तू कोणत्या दिवसापर्यंत बोलेल ते छापलेले आम्हांस अद्याप कोठे दिसले नाही. डाळीच्या पुडीवरची तारीख आपल्या भगिनी डोळ्यांत तेल घालून वाचतात. वीस हजारांच्या पेटीवर ती नसते.

तर असे सर्व वाचून-विचारून आम्ही त्या मुलाबरोबर सुरतेच्या जुन्या शहरातील त्याच दुकानी गेलो. तापीच्या ह्या काठावर एके काळी जगातली जहाजे लागत आणि वीरजी व्होरासारखे सावकार पाहता पाहता सबंध गलबताचा माल खरेदी करीत. घेणाऱ्याने माल पारखून घ्यावा हा त्या पेठेचा जुनाच दंडक असावा. आम्ही मात्र पहिल्या खेपेस तो फोनवरून पारखला होता!

शेठ मोठे अगत्यशील. चहा आला. मुलाचा बेत असा की मुकी पेटी टाकून द्यावी आणि आईसाठी दुसरी, चांगली मोठी घ्यावी. ज्यादा पाळ्या करून त्याने अकरा हजार रुपये जमविले होते. शेठनी एक भारी स्पीकर फळीवरून उतरवला, इंटरनेटशी जोडला आणि म्हणाले, “साहेब, आवाज ऐका. शोरूममध्ये बत्तीस हजार.” आवाज असा की दुकानाच्या काचा थरथरल्या. मुलाचा चेहरा उजळला.

आम्ही म्हटले, “शेठ, आवाज उत्तम आहे. आता दुकानातले वायफाय बंद करा आणि पुन्हा ऐकवा.”

शेठनी आमच्याकडे पाहिले, मग मुलाकडे पाहिले, आणि वायफाय बंद केले. गाणे थांबले. त्या बत्तीस हजारांच्या यंत्राला ना ब्लूटूथ होते, ना तारेचे भोक. बाहेरच्या दोरीवाचून ते म्हणजे एक जड काळी वीट होती.

जुना स्पीकर घेताना ही एक परीक्षा कोणीही करावी. तिला विद्या लागत नाही. इंटरनेट तोडावे आणि पेटी कोणत्याही वाटेने गाते का ते पाहावे. गात असेल तर घासाघीस करावी, नसेल तर चहा पिऊन उठावे. गाणारी निघाली तरी आणखी काही पाहावे लागते. विजेवाचून चालणारा स्पीकर असेल तर त्यातली बॅटरी. ती चारेकशे-पाचशे वेळा भरून रिकामी झाली की तिची शक्ती चांगलीच उतरते, आणि न वापरता खोक्यात पडून राहिली तरी झिजतेच. म्हणून तो दुकानात अर्धा तास तरी विजेवाचून वाजवून घ्यावा, आणि पेटी कोठे फुगलेली दिसली तर हातही लावू नये, कारण फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. शंकूच्या कडेला जी मऊ पट्टी असते ती फोमची असल्यास आपल्या दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत तिचा भुगा होतो; रबराची अधिक टिकते. जाळी काढून बोट लावून पाहण्यास दुकानदार नको म्हणत असेल तर त्याचे कारण समजावे. परत आलेला माल असेल तर पूर्वीच्या मालकाचे नाव त्यातून पुसले आहे की नाही ते तेथेच करून घ्यावे, नाही तर पेटी जन्मभर त्यालाच धनी समजते. मूळचा वीजजोड नसेल तर त्याची किंमत भावातून वजा करावी. आणि पक्के बिल घ्यावे. त्यावाचून पुढे ग्राहक आयोगासमोर सांगणार काय?

ज्यांच्या घरी इंटरनेटच नाही त्यांनी वायफायच्या भानगडीत पडूच नये असे आमचे स्पष्ट मत आहे. वृद्धांसाठी तर सारेगामा कंपनीने २०१७ साली काढलेल्या कारवाँसारखी पेटी अधिक शहाणपणाची. पाच हजार गाणी तिच्या पोटातच असतात, मराठीचीही पेटी निघाली आहे; कान पिळला की गाणे. कोणाची परवानगी नको. हवे ते प्रत्येक गाणे तीत मिळणार नाही, हे मात्र मान्य करावे लागते, आणि आमच्या ह्या माउलीला नेमकी न मिळणारीच गाणी हवी असत.

शेठ काही वेळ नाराज होते. मग मुलाने पिशवीतून घरची मुकी पेटी काढून मेजावर ठेवली. “हिचे काय करता येईल?” शेठनी मागच्या खोलीतून दुरुस्ती करणाऱ्या पोराला हाक मारली. सतराअठरा वर्षांचा असेल. मराठीत बोलला, धुळ्याकडचा. त्याने पेटी उलटी केली, मागच्या बाजूस वीजजोडाशेजारी नखाने चाचपले आणि रबराचे एक काळे बूच उपटून काढले. त्याखाली कानात घालावयाच्या तारेचे असते तसे बारीक गोल भोक होते. चार महिने ती पेटी आम्ही सर्वांनी पाहिली होती, पुसली होती, हलवली होती. ते बूच कोणाच्याही दृष्टीस पडले नव्हते. माहितीपुस्तिकेत त्याचा उल्लेख होता. माहितीपुस्तिका आम्हीही वाचली नव्हती.

पोराने एक तार जोडली, तिचे दुसरे टोक मोबाइलला लावले. आजकालच्या पुष्कळ मोबाइलना ते गोल भोक नसते, तेव्हा मध्ये बोटभर लांबीचा एक जोड घालावा लागला. पेटीवरचे एक बटण दोनदा दाबले. नारिंगी दिवा पांढरा झाला आणि पेटी गाऊ लागली. तार आणि जोड मिळून ३८० रुपये झाले. शेठ ३५० वर आले. पोराला मुलाने शंभर रुपये देऊ केले ते त्याने आधी नाकारले, नंतर घेतले.

स्टेशनकडे परतताना मुलगा बराच वेळ बोलला नाही. शेवटी म्हणाला, “फादर, तीन आठवडे ती मला रोज गाण्यांची नावे सांगत होती. मी मात्र एकदाही विचारले नाही की जरा ऐकव.” आमच्याजवळ ह्यास उत्तर नव्हते. ज्यादा पाळ्यांचे पैसे त्याने परत नेले नाहीत. आईजवळ दुपारी बसण्यासाठी कोणी बाई मिळते का ते पाहा, असे सांगून आमच्या हवाली केले. ती चौकशी चालू आहे.

संध्याकाळच्या गाडीने आम्ही निघालो आणि दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन त्या घरी गेलो. तार बिछान्याच्या कडेने नेऊन दोन ठिकाणी बांधली, म्हणजे पुतणीच्या पायात येणार नाही. तिला बूच दाखविले, भोक दाखविले, आणि कंपनीने आपणहून पेटी बंद केली होती हे दोनदा समजावून सांगितले. तिने विचारले, “म्हणजे मी बिघडवली नव्हती?”

“नाही.”

“नक्की ना, फादर?”

रात्री मुलाचा फोन आला तेव्हा आम्ही तेथेच होतो. ह्या खेपेस तिने गाण्याचे नाव सांगितले नाही. फोन उशीवरून उचलला आणि पेटीजवळ धरला.